ओपन रेल्ससाठी डब्ल्यूजी मालगाडी इंजिन: आधी चाकं, मग आकडे, रंग सगळ्यात शेवटी

ओपन रेल्स या कॉम्प्युटरवरच्या रेल्वे-गेमसाठी नव्यानं वाफेचं इंजिन बनवणारे बहुतेक जण एकाच जागी फसतात. बॉयलर गोलगरगरीत, रिव्हेट मोजून बसवलेले, कॅबच्या खिडकीत टॉवेलसुद्धा लटकवलेला. पण इंजिन गेममध्ये उतरवलं की चाकं फिरण्याऐवजी रुळावर घासत जातात, दांडे पिनवरून निसटलेले दिसतात आणि दोन हजार टनांची मालगाडी चढावर सुसाट पळते. मग चूक शोधायला तयार मॉडेल उकलावं लागतं, अन् उकलता उकलता निम्म्या जणांचा उत्साह संपतो.

मॉडेलिंग बहुतेकांना जमतं, फसतो तो क्रम. खाली क्रम उलटा करून दिलाय. उदाहरणाला डब्ल्यूजी घेतलंय, कारण बल्लारशा-वर्धा बाजूच्या कोळशाच्या गाड्या म्हटलं की वाफेच्या काळातलं हेच ब्रॉडगेज इंजिन डोळ्यांपुढं येतं. फाइलीतली नावं इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, इथं फक्त त्यांचे उच्चार आहेत.

टप्पा १: एकच इंजिन, एकच नंबर ठरवा

"डब्ल्यूजी बनवतो" एवढं म्हणून भागत नाही. १९५० ते १९७० या काळात ही २,४५० इंजिनं झाली. बहुतेक चित्तरंजनला, बाकी ब्रिटन, जर्मनी, जपान, इटली, अमेरिका अशा देशांतल्या कारखान्यांत. त्यामुळे बारीकसारीक गोष्टी इंजिनागणिक बदलतात. एका फोटोवरून कॅब, दुसऱ्यावरून टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) आणि तिसऱ्यावरून दिवा घेतला, तर तयार होणारं इंजिन कधीच कुठं धावलेलं नसतं. एक नंबर निवडा, त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो जमवा, आणि दुसऱ्या बाजूचा फोटो नसेल तर सरळ नंबर बदला.

फोटोसोबत कागदावर हे आकडे हवेत:

चाकांची रचना २-८-२ (पुढं दोन लहान चाकं, मध्ये आठ मोठी, मागं दोन लहान). ओढणाऱ्या चाकाचा व्यास १५६२ मिलिमीटर. सिलिंडर दोन, व्यास २१ पूर्णांक ७/८ इंच, स्ट्रोक २८ इंच. बॉयलरचा दाब २१० पौंड प्रति चौरस इंच. शेगडीचं क्षेत्रफळ ४६ चौरस फूट, बॉयलर सुपरहीटेड (वाफ आणखी तापवणारा). ओढणाऱ्या चाकांवर येणारं वजन सुमारे ७४ टन, टेंडर सोडून इंजिनाचं वजन साधारण १०१ टन. गेज १६७६ मिलिमीटर.

चाकांमधली अंतरं आणि दांड्यांची लांबी आराखड्यावरून मोजा. आराखडा नसेल तर अगदी बाजूनं, दुरून झूम करून काढलेला फोटो घ्या आणि १५६२ ची मोजपट्टी करा: फोटोतलं ओढणारं चाक इतके पिक्सेल म्हणजे १५६२, मग बाकीचं किती. जवळून, तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोवर हे मोजमाप फसतं.

सावध: नागपूरला मोतीबागेतल्या संग्रहालयात जाऊन क्रॉसहेड (दट्ट्याचा दांडा आणि चाकाकडचा दांडा यांचा सांधा), दांडे, व्हॉल्व्ह गिअर (सिलिंडरात वाफ सोडणारी यंत्रणा) हाताएवढ्या अंतरावरून जरूर बघा, डोकं उघडतं. पण ती इंजिनं नॅरोगेजची आहेत. विदर्भातल्या शकुंतला या नॅरोगेज गाडीचा रूळ ७६२ मिलिमीटरचा होता. तिथली मापं डब्ल्यूजीला लावू नका, तिथून फक्त कोणता भाग कशाला जोडलाय ते शिका.

सावध: डब्ल्यूपीचे फोटो त्यात मिसळू देऊ नका. दोघांचे बरेच भाग सारखे असले तरी डब्ल्यूपी प्रवासी गाडीचं ४-६-२ इंजिन आहे, चाकं मोठी आणि नाक बंदुकीच्या गोळीसारखं निमुळतं. डब्ल्यूजीचं तोंड सपाट. त्यावर चांदणी रंगवलेली मॉडेलं अजूनही फिरतात.

टप्पा २: कामाची जागा

हा टप्पा छोटा आहे, पण टाळू नका. ब्लेंडर (मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडण्याआधी शेप-फाइल (गेमला लागणारी मॉडेलची फाइल) निर्यात करणारं प्लगइन ब्लेंडरच्या कोणत्या आवृत्तीवर चालतं ते बघा आणि तीच आवृत्ती टाका. नवी आवृत्ती टाकून मग प्लगइन शोधत बसणं हा उलटा धंदा आहे. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर ब्लेंडर, प्लगइन, शेप व्ह्यूअर आणि ओपन रेल्स चारही एकदाच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा.

युनिट मेट्रिक, एक युनिट म्हणजे एक मीटर. नव्या इंजिनाचं फोल्डर ट्रेनसेटमध्ये वेगळं करा. फोल्डरच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं आणि अंक, मोकळी जागा नको.

फाइल प्रत्येक टप्प्याला नव्या नावानं सेव्ह करा: चाके-०१, चाके-०२, दांडे-०१ अशी. आपल्याकडं रात्री शेतीची थ्री-फेज आली की गावभरचे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसतं, आणि बॅटरी मेलेला लॅपटॉप तिथंच गपकन बंद पडतो. ब्लेंडरची आपोआप सेव्ह होणारी प्रत तात्पुरत्या फोल्डरमध्ये असते, पण तिच्या भरवशावर राहू नका राजेहो.

टप्पा ३: नुसती आसं आणि चाकं

अजून बॉयलर नाही. एक चपटा ठोकळा घ्या, त्याला मेन नाव द्या. त्याखाली सहा आसं: पुढं एक लहान, मध्ये चार मोठी, मागं एक लहान. पुढची आणि मागची लहान चाकं आपापल्या बोगीच्या (चाकं धरणारी वळती चौकट, डबा नव्हे) पोटात, बोगी मेनच्या पोटात. चार मोठी चाकं थेट मेनच्या पोटात. चाकांची नावं 'व्हील्स'नं सुरू होऊन पुढं अंक, बोगीची 'बोगी'नं सुरू होऊन पुढं अंक. नावातलं एक अक्षर चुकलं की गेम त्या भागाला निर्जीव लोखंड समजतो.

दोन गोष्टी इथंच पक्क्या करा. एक, प्रत्येक चाकाचा मूळबिंदू बरोबर आसाच्या मध्यावर हवा. जरा सरकला तरी चाक थबकत, उसळत फिरतं. दोन, आकार ओढूनताणून बदलला असेल तर निर्यातीआधी स्केल ॲप्लाय करा. हे विसरलं की ब्लेंडरमध्ये चाक बरोबर दिसतं आणि गेममध्ये परातीएवढं होतं.

उंचीचा शून्य म्हणजे रुळाचा माथा. म्हणजे मोठ्या चाकाच्या आसाची उंची ०.७८१ मीटर आलीच पाहिजे.

आता हा सांगाडा निर्यात करून गेममध्ये रुळावर ठेवा. हो, असाच, नागडा.

तपासा: तोंड बरोबर दिशेला आहे का? चाकं रुळावर टेकली का, की तरंगताहेत? बाजूनं बघितल्यावर फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) रुळाच्या आत आहे का? चाकं दोन्हीकडं बाहेर आली असतील तर मॉडेलला हात लावण्याआधी रूट (गेममधला रेल्वेमार्ग) बघा. बऱ्याच रूटवर रूळ १४३५ मिलिमीटरचेच असतात. १६७६ चे रूळ असलेला रूट घ्या, इंजिन आक्रसू नका.

टप्पा ४: दांडे. इथं घाई नको

सगळ्यात जास्त मॉडेलं इथं बिघडतात, म्हणून सावकाश.

पहिली गोष्ट क्रँकचा, म्हणजे चाकाच्या मध्यापासून दांड्याच्या पिनपर्यंतच्या भागाचा कोन. सायकलची दोन पायडलं एकमेकांच्या समोर, म्हणजे १८० अंशांवर असतात. दोन सिलिंडरच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक ९० अंशांवर असतात. एक दट्ट्या टोकाला पोचून अडला तरी दुसरा ऐन जोरात असतो, म्हणून इंजिन कुठंही थांबलं तरी सुटतं. बरेच जण एका बाजूचे दांडे बनवून आरशासारखी नक्कल दुसरीकडं चिकटवतात. समोरून बघितलं की दोन्ही बाजू एकदम वर, एकदम खाली. असं इंजिन दोन्ही दट्टे टोकाला असताना थांबलं तर जन्मात हललं नसतं. दुसऱ्या बाजूची नक्कल केल्यावर ९० अंश फिरवायला विसरू नका. कुठली बाजू पुढं, हे तुमच्या निवडलेल्या इंजिनाच्या फोटोवरून ठरवा.

दुसरी गोष्ट क्रँकची त्रिज्या. ती स्ट्रोकच्या निम्मी, म्हणजे १४ इंच, मीटरमध्ये ०.३५५६. पिन डोळ्याच्या अंदाजानं बसवू नका.

तिसरी गोष्ट, प्रत्येक दांड्याची चाल वेगळी असते:

कपलिंग रॉड, म्हणजे चार चाकांना जोडणारा दांडा, स्वतः फिरत नाही. तो कायम आडवा राहून वर्तुळात सरकतो. त्याला फिरवण्याची की (कीफ्रेम, म्हणजे ॲनिमेशनमध्ये भागाची जागा ठरवून दिलेला क्षण) लावाल तर तो पंख्यासारखा गरगरेल.

क्रॉसहेड आणि पिस्टन रॉड फक्त पुढं-मागं सरकतात, सिलिंडरच्या रेषेत.

कनेक्टिंग रॉडचं एक टोक क्रँकपिनवर वर्तुळात फिरतं, दुसरं क्रॉसहेडबरोबर सरळ रेषेत जातं. त्यामुळे तो सरकतोही आणि डोलतोही. क्रॉसहेडची जागा काढायचं साधं गणित: क्रँकचा कोन घ्या. क्रँक-त्रिज्या गुणिले कोनाची कोसाइन हा झाला पहिला भाग. दांड्याच्या लांबीच्या वर्गातून, त्रिज्या गुणिले साइनचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढा, तो दुसरा. दोन्हींची बेरीज म्हणजे चाकाच्या मध्यापासून क्रॉसहेडचं अंतर. मोबाइलच्या स्प्रेडशीटमध्ये हे एकदा मांडलं की सोळाही जागा मिळतात.

सोळा का? कारण एका फेऱ्यात किती की लावता यावर दांडा पिनवर बसणार की नाही ते ठरतं. दोन कींच्या मध्ये गेम दांड्याला सरळ रेषेत सरकवतो, पिन मात्र चाकाबरोबर वर्तुळात जाते. ८ की लावल्या तर मध्यावर दांडा पिनपासून सुमारे २७ मिलिमीटर आत ओढला जातो. ते डोळ्याला खुपतं, दांडा थरथरतोय असं वाटतं. १६ लावल्या तर हाच फरक ७ मिलिमीटरच्या आत येतो आणि पिनच्या टोपीखाली झाकला जातो. सतरावी की हुबेहूब पहिलीसारखी हवी, नाहीतर दर फेऱ्याला एक झटका बसेल.

व्हॉल्व्ह गिअर वॉलशार्ट पद्धतीचं आहे. त्याचे सगळे दुवे हलवायची हौस असेल तर ती मागाहून भागवा. एक्सेन्ट्रिक रॉड आणि कॉम्बिनेशन लिव्हर एवढे हलले तरी चालत्या गाडीत पुरतं.

तपासा: सांगाडा गेममध्ये ताशी ५ किलोमीटरनं चालवा, कॅमेरा पिनशेजारी ठेवा आणि एक पूर्ण फेरा बघा. मग समोर जाऊन दोन्ही बाजू एकत्र बघा. इथं शंका राहिली तर पुढं जाऊ नका.

टप्पा ५: ईएनजी फाइलचे आकडे

सगळ्यांची आवडती पळवाट म्हणजे दुसऱ्या कुठल्या इंजिनाची ईएनजी फाइल (गेमला इंजिनाचे आकडे देणारी फाइल) उचलायची, नाव बदलायचं, झालं. असं इंजिन वरून डब्ल्यूजी आणि आतून भलतंच असतं. ढाचा म्हणून जुनी फाइल घ्या, पण खालचा प्रत्येक आकडा स्वतः भरा.

व्हीलरेडियस दोन ठिकाणी असतो. वॅगन विभागात लहान चाकांचा, इंजिन विभागात ओढणाऱ्या चाकांचा. हा रेडियस आहे, व्यास नाही. इथं ०.७८१ मीटर हवं. कुणी १.५६२ लिहिलं तर एका चुकीतून दोन रोग होतात: चाकं अर्ध्या गतीनं फिरून रुळावर घसरल्यासारखी दिसतात आणि इंजिनाची ताकद निम्मी होते.

एकक लिहायला विसरू नका. सिलिंडर स्ट्रोकपुढं नुसतं २८ लिहिलं तर गेम २८ मीटर वाचतो. वजनापुढं नुसतं १०१ लिहिलं तर १०१ किलो. इंच असेल तर इंच, टन असेल तर टन, प्रत्येक आकड्याला चिकटून.

ओढणाऱ्या आसांची संख्या ४ आणि त्यांच्यावरचं वजन ७४ टन वेगळं द्या. हे दिलं नाही किंवा अख्ख्या इंजिनाचं वजन तिथं टाकलं, तर चाकं कधी घसरतच नाहीत. ओल्या रुळावर वाळू टाकत गाडी सोडण्यातली मजाच जाते.

शेगडीचं क्षेत्रफळ आणि बॉयलर सुपरहीटेड आहे हे न विसरता भरा. नाही भरलं तर वाफ किती बनेल हे गेम अंदाजानं ठरवतो, आणि त्याचा अंदाज तुमच्या इंजिनाशी जुळेल असं नाही.

तपासा: गेममध्ये एफ-५ दाबून माहितीचा पडदा आणा आणि शिफ्ट धरून वाफेच्या पानापर्यंत जा. सैद्धांतिक ओढ ३८,८९० पौंडांच्या आसपास दिसली पाहिजे. हाताचं गणितही तेच सांगतं: सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले दाब गुणिले ०.८५, भागिले चाकाचा व्यास, सगळं इंचात आणि पौंडात. १९,५०० च्या आसपास दिसलं तर रेडियसच्या जागी व्यास गेलाय. भलताच आकडा दिसला तर एकक सुटलंय. इंजिन यादीतच दिसत नसेल तर डेस्कटॉपवर ओपन रेल्सची लॉग फाइल पडलेली असते. ती वाचा, कंस कुठं बंद झाला नाही ते ती ओळीसकट सांगते.

टप्पा ६: धड आणि रंग

आता बनवा बॉयलर, कॅब, धुराडं. खाली हाडं पक्की आहेत, त्यामुळे मन लावून करा. माझं एकच सांगणं, जुन्या लॅपटॉपवर गेम अडखळतो तो बहुधा पॉलिगॉनमुळे नाही, सुट्या तुकड्यांमुळे आणि वेगवेगळ्या टेक्श्चरमुळे. जे हलत नाही ते सगळं मेनमध्ये जोडून टाका. इंजिनाला एक २०४८ चं चौरस टेक्श्चर पुरतं. लांबून दिसायला हलक्या आवृत्त्याही ठेवा. अर्ध्या किलोमीटरवरून रिव्हेट कुणाला दिसत नाहीत.

रंगात काळा म्हणजे गडद राखाडी घ्या, ठार काळ्यात आकार दिसत नाही. मालगाडीचं इंजिन धुतलेलं दाखवू नका. खाली तेलाचा चिकटा, कॅबजवळ कोळशाची धूळ, आणि बॉयलरच्या वॉशआउट प्लगखाली पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ते कसे दिसतात हे सांगायला नको, घरची मोटार बघा.

टप्पा ७: टेंडर, ब्रेक आणि मागचे डबे

टेंडर वेगळं वाहन आहे. ईएनजीत टेंडर लागतं असं नोंदवा आणि गाडीच्या यादीत ते इंजिनाच्या लगेच मागं ठेवा. इंजिन आणि टेंडरमध्ये फट पडली किंवा कॅब टेंडरात घुसली, तर मॉडेल सरकवू नका. दोन्ही फाइलींतल्या साइजमधला तिसरा आकडा, म्हणजे लांबी, दुरुस्त करा.

ब्रेक व्हॅक्यूमचे, एकाच नळीचे. पूर्ण निर्वात म्हणजे २१ इंच. मागं बॉक्सएन डबे जोडणारे फार आहेत. ते डबे एअर ब्रेकचे आणि पुढच्या काळातले. व्हॅक्यूमचे जुने बॉक्स किंवा चारचाकी बंद डबे घ्या, शेवटी ब्रेकव्हॅन हवीच.

सावध: व्हॅक्यूम ब्रेक सुटायला वेळ लागतो. लांब गाडीत सुई २१ वर येण्याआधी रेग्युलेटर (वाफेची झडप) उघडून "इंजिन ओढत नाही" म्हणू नका.

टप्पा ८: धूर आणि आवाज

धूर, सेफ्टी व्हॉल्व्ह, शिट्टी, सिलिंडरचे कॉक या प्रत्येकाची जागा मॉडेलच्या मूळबिंदूपासून मीटरमध्ये द्यायची असते. ब्लेंडरमध्ये कर्सर धुराड्याच्या तोंडावर ठेवला की आकडा मिळतो. फक्त ब्लेंडरचे अक्ष आणि गेमचे अक्ष वेगळे आहेत. गेममध्ये उंची हा दुसरा आकडा आणि लांबी तिसरा. धूर कॅबमधून निघत असेल तर हीच अदलाबदल झालेली असते.

आवाजात एकच गोष्ट अचूक हवी. दर फेऱ्याला चार ठोके. चाकाचा एक फेरा म्हणजे ४.९ मीटर, तेव्हा ताशी ४० किलोमीटरला सेकंदाला नऊच्या आसपास ठोके पडतात. ताशी १० ला ते मोजता येतात, दोन सेकंदांना साडेचार. तेवढे मोजून बघा.

टप्पा ९: चढावरची परीक्षा

शंभरात एक चढ असलेला सरळ रूळ शोधा. बारा भरलेले बॉक्स डबे आणि ब्रेकव्हॅन मिळून हजार टनांच्या आसपास होतात. या चढावर दर टनाला १० किलो ओढ नुसती चढासाठी लागते, म्हणजे १० टन. त्यात डब्यांचं घर्षण अडीच-तीन टन, आणि टेंडरसह पावणेदोनशे टनांच्या इंजिनाला स्वतःला वर न्यायचे पावणेदोन टन, वर त्याचं स्वतःचं घर्षण. बेरीज १५-१६ टनांवर जाते. इंजिनाची सुरुवातीची ओढ १७.६ टन. म्हणजे गाडी निघाली पाहिजे, पण धापा टाकत, कटऑफ (दट्ट्याच्या चालीत कुठवर वाफ आत सोडायची ती मर्यादा) लांब ठेवून, आणि वेग जास्त वाढता कामा नये.

आता अठरा डबे लावा, दीड हजार टन. या चढावर गाडी सुटलीच नाही पाहिजे. चाकं जागच्या जागी फिरतील किंवा इंजिन नुसतं उभं राहील. ती आरामात चढली तर टप्पा ५ मध्ये काहीतरी चुकलंय, आणि बहुतेक वेळा तो सिलिंडर, दाब किंवा चाकाच्या रेडियसचा आकडा असतो. हीच दीड हजार टनांची गाडी दोनशेत एक चढावर मात्र ओढली गेली पाहिजे.

परीक्षेच्या वेळी ॲडव्हान्स्ड ॲडहेजन (चाक आणि रुळाच्या पकडीचा पर्याय) चालू ठेवा. फायरमनचं काम आधी गेमवर सोपवा. आकडे जुळल्यावर कंट्रोल-एफ दाबून फावडं स्वतःच्या हातात घ्या आणि पाऊण तास चालवून बघा. दाब २१० च्या खाली घसरत जाऊन परत येतच नसेल तर शेगडी आणि बॉयलरचे आकडे पुन्हा बघा.

दुसऱ्याला देण्याआधी झिप फाइल वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून चालवा. तुमच्या मशीनवर आधीपासून पडलेलं टेक्श्चर किंवा दुसऱ्या इंजिनाचा आवाज तुम्ही नकळत वापरत असता, तो तिकडं नसतो आणि इंजिन मुकं निघतं. आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याला विचारूनच झिपमध्ये घाला, नाहीतर तो कुठून उतरवायचा एवढं सोबतच्या मजकुरात लिहा.